पेन्शनच्या रकान्याला व्याज का नाही?

(कामगार वस्तीतील वार्षिक व्याख्यानमालेत दिलेले स्मृतिव्याख्यान. बोलण्याचा ओघ तसाच ठेवला आहे.)



यंदाच्या निमंत्रणपत्रिकेवर एक जादा ओळ छापली आहे : येताना प्रॉव्हिडंट फंडाच्या पासबुकाची छापील प्रत सोबत आणावी. ती ओळ माझ्या आग्रहामुळे आली. समोर निम्म्याहून जास्त हातांत कागद दिसतोय, बरे वाटले. ज्यांनी आणला नसेल त्यांनी शेजाऱ्याच्या कागदात डोकावावे. रकमा वेगळ्या असतील, रकाने तेच आहेत.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी जमतो, त्यांना या वस्तीत कुणी नावाने हाक मारली नाही. ते सगळ्यांचे मास्तर होते. दिवसा लेथवर काम करायचे आणि रात्री समाजमंदिरात प्रौढांचा वर्ग घ्यायचे. बाराखडी आणि सही जमली की पुढचा धडा ठरलेला असे, फंडाची स्लिप वाचण्याचा. तेव्हा वर्षातून एकदा फॉर्म २३ म्हणून एक अरुंद कागद यायचा. कंपनीत तो वाटला जायचा, घरी गेल्यावर रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत पडायचा आणि तिथेच पिवळा व्हायचा. मास्तर तो कागद पिशवीतून बाहेर काढायला लावत.

मी भोसरीतल्या लहान-मध्यम कारखान्यांमध्ये एकोणतीस वर्षे पगार विभागात काम केले. मस्टर, पगारपत्रक आणि फंडाची चलने यांतच नोकरी गेली. या काळात मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न एकच आहे. एप्रिल-मे उलटला की माणूस खिडकीशी यायचा, स्लिप पुढे सरकवायचा आणि म्हणायचा, "मॅडम, माझ्या हिश्श्याला व्याज लागलंय, कंपनीच्या हिश्श्याला लागलंय. मग ह्या पेन्शनच्या रकान्याला का नाही?"

बरीच वर्षे मी एवढेच उत्तर देत असे, "त्याला व्याज नसतं, दादा." उत्तर खरे होते, पण तेवढ्याने भागत नव्हते. त्या अपुऱ्या उत्तराची किंमत एका माणसाने मोजली. त्याची हकीकत पुढे सांगते. आज मला त्या एका प्रश्नाचे पुरे उत्तर द्यायचे आहे, कारण ते समजले की हातातला सगळा कागद समजतो.

आता कागद उघडा. दर महिन्याची एक ओळ आहे. आधी पगार लिहिलेला दिसेल. हा हातात पडणारा पगार नव्हे, ज्यावर फंड कापला तो. म्हणजे मूळ पगार आणि महागाई भत्ता. पुढे तीन रकाने आहेत : कामगाराचा हिस्सा, मालकाचा हिस्सा आणि पेन्शन. साध्या आकड्यांसाठी आपण पगार १५,००० धरू. तुमचे १२ टक्के कापले जातात, म्हणजे १,८०० रुपये. मालकही १२ टक्केच भरतो, पण त्याच्या रकान्यात १,८०० दिसत नाहीत, ५५० दिसतात. उरलेले १,२५० तिसऱ्या रकान्यात जातात. मालकाच्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शन योजनेत आणि ३.६७ टक्के फंडात, असा तो हिशेब आहे. पेन्शनमध्ये सरकारही थोडी भर घालते, १.१६ टक्के. ती तुमच्या कागदावर दिसत नाही.

पगार ४०,००० असला तरी पेन्शनच्या रकान्यात साधारणपणे १,२५०च दिसतील. पेन्शनसाठी पगाराची मर्यादा १ सप्टेंबर २०१४पासून १५,००० आहे. त्याआधी २००१पासून ती ६,५०० होती, तेव्हा ५४१ रुपये जायचे. त्याच्याही आधी ५,०००, तेव्हा ४१७. जुन्या स्लिपा जपून ठेवल्या असतील तर हे तीन आकडे एकामागून एक दिसतील, आणि कोणती स्लिप कोणत्या काळातली आहे ते त्यावरून ओळखता येईल.

पहिल्या दोन रकान्यांबद्दल फार वेळ घेणार नाही. ती ठेव आहे. तुमच्या नावावर जमा आहे आणि तिला व्याज मिळते. २०२४-२५साठी ते ८.२५ टक्के होते. नव्वदच्या दशकात नोकरी केलेल्यांनी १२ टक्केही पाहिले आहेत. व्याज दर महिन्याच्या शिलकीवर मोजतात आणि वर्षअखेरीला एकदम जमा करतात. घरी पडताळून पाहायचे असेल तर वर्षाच्या सुरुवातीची शिल्लक घ्या. ४ लाख असेल तर तिचे ३३,००० झाले. मग वर्षातले हप्ते. एप्रिलमध्ये जमा झालेल्या हप्त्याला अकरा महिन्यांचे व्याज, मेच्या हप्त्याला दहा महिन्यांचे, असे उतरत मार्चच्या हप्त्याला शून्य. दरमहा २,३५० जमा होत असतील तर त्याचे वर्षाचे हजार रुपयांच्या जरा वर होतात. म्हणजे एकूण ३४,०६६च्या आसपास. तुमच्या कागदावर याच्या जवळचा आकडा असेल तर त्या बाजूने निश्चिंत राहा. एखाद्या महिन्याची ओळच नसेल तर मात्र गप्प बसू नका. मागच्या महिन्याचे पैसे या महिन्याच्या १५ तारखेच्या आत भरणे मालकावर बंधनकारक आहे. तुमच्या पगारातून कापलेला हिस्सा भरलाच नाही, तर फौजदारी कायद्याच्या भाषेत तो विश्वासघाताचा गुन्हा आहे.

आता तिसरा रकाना.

पहिले दोन रकाने ठेवीचे आणि तिसरा वर्गणीचा, असे मास्तर सांगत. त्याहून चांगली फोड मला आजवर सापडलेली नाही. तुमच्या नावाने गेलेले १,२५० तुमच्या नावावर साठत नाहीत. देशभरातल्या सगळ्या सभासदांचे पैसे जिथे जातात त्या एका सामाईक निधीत ते जातात. एखादा पोरगा कामाला लागला, एका महिन्याची वर्गणी भरली गेली आणि अपघातात गेला, तरी त्याच्या बायकोला पेन्शन सुरू होते. तिला आयुष्यभर मिळणारे पैसे त्याच्या एका महिन्याच्या वर्गणीतून निघतील का? ते तुमच्या-माझ्या वर्गणीतून निघतात. वर्गणीला व्याज लागत नाही. वर्गणीने हक्क मिळतो.

हे असे का केले त्याला इतिहास आहे. फंडाचा कायदा १९५२चा, त्याचा वटहुकूम आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरातला. त्यात फक्त एकरकमी ठेव होती. माणूस निवृत्त झाला की रक्कम हातात यायची, मुलीच्या लग्नात किंवा गावच्या घराच्या स्लॅबमध्ये जायची, आणि दोन-चार वर्षांत हात रिकामे. १९७१ मध्ये कुटुंब पेन्शन आली. ती मुख्यतः नोकरीत असताना गेलेल्याच्या घरच्यांसाठी होती. खुद्द कामगाराला म्हातारपणी दरमहा काही मिळावे ही सोय १६ नोव्हेंबर १९९५ला आली. आज जिला सगळे ईपीएस-९५ म्हणतात ती हीच योजना.

मग पेन्शन ठरते कशावर? तिसऱ्या रकान्याच्या बेरजेवर ती ठरत नाही. त्या बेरजेचा पेन्शनच्या हिशेबात कुठेही उपयोग होत नाही. सूत्र असे आहे : पेन्शनयोग्य पगार गुणिले पेन्शनयोग्य सेवेची वर्षे, भागिले ७०. पगार म्हणजे शेवटच्या ६० महिन्यांची सरासरी, मर्यादेच्या आत. सेवा म्हणजे वर्गणी भरली गेली ती वर्षे. शेवटचे तुटक वर्ष सहा महिने किंवा त्याहून जास्त असेल तर पूर्ण धरतात, कमी असेल तर सोडून देतात.

एका वर्षाच्या नोकरीची किंमत काढून बघा. १५,००० भागिले ७०, म्हणजे २१४ रुपये. आज पूर्ण मर्यादेवर केलेले एक वर्ष तुम्हाला अठ्ठावन्नाव्या वर्षापासून मरेपर्यंत दरमहा २१४ रुपये देते. सप्टेंबर २०१४च्या आधीची वर्षे मात्र ६,५००च्या भावाने धरतात. त्यांचे दर वर्षामागे ९३ रुपये होतात. दहा वर्षे अलीकडची आणि दहा पलीकडची असतील तर २,१४३ आणि ९२९, मिळून ३,०७१. अठ्ठावन्नला निवृत्त होताना सेवा वीस वर्षे भरली असेल तर तिच्यात आणखी दोन वर्षे वाढवून देतात. आपल्या कागदावर कुठेही न छापलेले हे आकडे मी तुम्हाला पाठ करायला सांगते आहे : दहा वर्षांना पेन्शनचा हक्क आणि वीस वर्षांना दोन वर्षांची भर.

आता बघा, या सूत्रात पैसे कमी आणि दिवस जास्त आहेत. पगाराला मर्यादेचे झाकण आहे. तुमच्या हातात राहते ती सेवा. म्हणून तिसऱ्या रकान्याकडे रुपयांचा रकाना म्हणून पाहू नका. तो हजेरीपट आहे. तिथे १,२५० छापले आहेत याचा अर्थ, या महिन्याची तुमची हजेरी लागली.

मास्तरांची एक वही माझ्याकडे आहे. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची, वाण्याच्या दुकानात उधारीसाठी असते तशी. ते गेल्यावर त्यांच्या मुलीने ती मला दिली. वर्गातल्या प्रत्येक माणसाचे एक पान. पानावर चार उभ्या रेघा आखलेल्या : रुजू, सुटला, खाडे, फंड नंबर. बस. मी पगारपत्रकात वाढलेली बाई, मला नवल वाटले की रुपयांना या वहीत जागाच नाही. एका पानावर त्यांनी खाड्यांच्या खाली पेन्सिलीने लिहिले आहे : संप २३ दिवस, टाळेबंदी २ महिने, बायकोचे बाळंतपण ९ दिवस. शेजारी बेरीज. मला पेन्शनचे सूत्र कळले त्यानंतर किती वर्षांनी त्या वहीचा अर्थ कळला, हे सांगायला नको.

त्या खाड्यांना आजच्या फंडाच्या भाषेत एनसीपी म्हणतात, वर्गणी न भरलेले दिवस. बिनपगारी रजा, संप, टाळेबंदी, ले-ऑफ. मालक दर महिन्याच्या विवरणात हे दिवस कळवतो आणि ते तुमच्या सेवेतून वजा होतात. खरे असतील तर तक्रार नाही. पण मी स्वतः चलने भरली आहेत म्हणून सांगते, ३० दिवसांचा महिना ३१चा धरल्यामुळे किंवा कामावर असलेल्या माणसापुढे चुकीचा आकडा टाइप झाल्यामुळे फुकटचे खाडे पडू शकतात. पासबुकात ते चटकन दिसत नाहीत. फंडाच्या पोर्टलवर सर्व्हिस हिस्ट्री म्हणून एक वेगळे पान आहे. तिथे प्रत्येक नोकरीची रुजू तारीख, सुटल्याची तारीख आणि एनसीपी दिवस एका ओळीत आहेत. आज घरी गेल्यावर मुलाला किंवा सुनेला ते पान उघडायला सांगा. मास्तरांची वहीच ती, यंत्रात घातलेली.

आता त्या माणसाबद्दल.

मी ज्या कारखान्यात होते तो २००३च्या अखेरीस बंद पडला. आमच्याकडे एक फिटर होता. पंचेचाळिशीचा, शांत, हातातले काम पुरे केल्याशिवाय जेवायला न उठणारा. १९९६च्या सुरुवातीला लागला होता. म्हणजे पेन्शनची आठ वर्षे. हिशेब घ्यायला आला तेव्हा त्याने विचारले, "मॅडम, पेन्शनचे पैसे पण मिळतात म्हणे?" मी म्हटले, "मिळतात. १०-सी भरावा लागतो." मीच फॉर्म भरला. त्याच फॉर्मवर दुसरा पर्याय असतो : पैसे न काढता स्कीम सर्टिफिकेट घ्यायचे, म्हणजे सेवा गोठवून ठेवायची आणि पुढच्या नोकरीत जोडायची. त्याच्याबद्दल मी काही बोलले नाही. रांग मोठी होती, प्रत्येकाला पैशांची गरज होती आणि माझ्याही डोक्यात तो रकाना बिनव्याजाचा, म्हणून काढून टाकण्याजोगाच होता. त्याला चाळीस हजारांच्या आत रक्कम मिळाली. ती मुलीच्या कॉलेजच्या फीमध्ये गेली. चांगल्या कामी गेली.

काही वर्षे त्याने मिळेल ते काम केले. मग २००७ मध्ये दुसऱ्या एका कारखान्यात लागला आणि २०१६ मध्ये अठ्ठावन्न पूर्ण होईपर्यंत तिथेच होता. बरोबर नऊ वर्षे. निवृत्त झाल्यावर फॉर्म घेऊन माझ्याकडे आला, कारण पूर्वी मीच भरून दिला होता ना. मी सर्व्हिस मोजली. नऊ. साडेनऊ असती तरी दहा धरता आली असती. नऊ म्हणजे पेन्शन नाही, पुन्हा एकरकमी पैसे. आधीची आठ वर्षे गोठवलेली असती तर सतरा झाली असती. त्याच्या पगारावर दरमहा दीड हजाराच्या पुढे पेन्शन बसली असती, आणि त्याच्या मागे बायकोला तिचा वाटा. त्याने माझ्यावर राग केला नाही. "तुम्ही तरी काय करणार, मॅडम," म्हणाला आणि चहा घेऊन गेला. करता आले असते. फॉर्मवरच्या दुसऱ्या चौकोनाकडे बोट दाखवायला अर्धा मिनिट लागला असता.

म्हणून नोकरी सुटल्यावर पेन्शनचे पैसे काढण्याआधी तीनदा विचार करा. फंडाची रक्कम काढली तर ठेव संपते. पेन्शनची रक्कम काढली तर सेवा पुसली जाते, आणि पुसलेली सेवा पुन्हा लिहिता येत नाही. ज्यांची दहा वर्षे भरली आहेत त्यांना ती रक्कम काढताच येत नाही. ते चांगलेच आहे.

नोकरी बदलली आणि फंड ट्रान्सफर केला, की पुष्कळ जण घाबरून फोन करतात. नव्या पासबुकात जुन्या कंपनीकडून आलेली ओळ दिसते. कामगाराचा हिस्सा आला, मालकाचा हिस्सा आला, आणि पेन्शनच्या रकान्यात शून्य. "मॅडम, माझी पेन्शन कुठं गेली?" कुठेही गेली नाही. वर्गणी होती, ती सामाईक निधीतच आहे. ट्रान्सफर होते ती सेवा, आणि सेवेला रुपयांचा आकडा नसतो, म्हणून तिथे शून्य छापले जाते. खात्री करायची तर अ‍ॅनेक्शर के नावाचा कागद पाहा. त्यात जुन्या नोकरीच्या तारखा आणि एनसीपी दिवस पुढे कळवलेले असतात. रकान्याला व्याज का नाही आणि ट्रान्सफरनंतर शून्य का दिसते, हे दोन वेगळे प्रश्न वाटतात. दोन्हींचे उत्तर एकच.

आपल्या पट्ट्यातल्या कंत्राटी पोरांसाठी हे फार महत्त्वाचे आहे. सात महिने काम, मग ब्रेक, मग दुसरा कंत्राटदार, पुन्हा सात महिने. पोरे मला सांगतात, "आमची कसली सर्व्हिस, ताई, सगळे तुकडेच." तुकडे असू देत, ते जोडता येतात. २०१४पासून प्रत्येकाला बारा आकडी यूएएन, म्हणजे फंडाचा कायमचा नंबर, मिळतो. कंत्राटदार दहा झाले तरी नंबर तोच ठेवायचा आणि प्रत्येक तुकडा त्याखाली आणायचा. मधल्या ब्रेकमुळे आधीची सेवा बुडत नाही. सात महिन्यांचे अठरा तुकडे केले तर १२६ महिने होतात, म्हणजे साडेदहा वर्षे. हक्क झाला. पण एखाद्या कंत्राटदाराने नवाच यूएएन काढला किंवा सुटल्याची तारीख टाकलीच नाही, तर तो तुकडा अधांतरी राहतो. तारीख आता कामगाराला स्वतः पोर्टलवर टाकता येते, सुटून दोन महिने झाल्यावर.

पगाराच्या रकान्याकडेही एकदा नीट बघा, मुख्यतः ज्यांचा पगार १५,०००च्या आत दाखवला आहे त्यांनी. हातात १८,००० पडतात आणि फंडाचा पगार ९,००० दाखवला जातो, बाकीचे वेगवेगळ्या भत्त्यांच्या नावाने. तरुणपणी बरे वाटते, कपात कमी होते. पण ९,००० भागिले ७० म्हणजे नोकरीच्या एका वर्षामागे १२९ रुपये. २१४च्या ऐवजी १२९, तेही आयुष्यभर. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये सांगितले आहे की सगळ्यांना सरसकट मिळणारे भत्ते मूळ पगारातून वगळून फंड चुकवता येणार नाही. सोलापुरात विडी वळणाऱ्या बायकांचा प्रश्न याहून अवघड आहे. त्यांची मजुरी हजार विड्यांमागे ठरते आणि ती मुळातच इतकी कमी की सूत्रात घालायला पगारच नसतो. कितीही वर्षे भरली तरी गुणाकार छोटा तो छोटाच. किमान १,००० रुपयांची जी पेन्शन २०१४ मध्ये ठरली ती त्यांच्यासाठी मोठी गोष्ट होती. मात्र त्या हजाराला, किंवा या योजनेतल्या कुठल्याही पेन्शनला, महागाई भत्ता जोडलेला नाही. पहिल्या महिन्याला जी रक्कम तीच पुढे. किमान पेन्शन साडेसात हजार करा आणि वर महागाई भत्ता द्या, ही मागणी देशभरातल्या ईपीएसच्या निवृत्तांनी लावून धरली आहे. त्या आंदोलनाचे एक मोठे ठाणे आपल्या बुलढाण्यात आहे. मला ती मागणी न्याय्य वाटते. तीस वर्षे वर्गणी भरलेल्या माणसाला औषधांच्या बिलासाठी मुलाच्या तोंडाकडे बघायला लागू नये.

मोठ्या पगारावरची पेन्शन, २०२२च्या नोव्हेंबरातला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. आज त्यात शिरत नाही. दोन गोष्टी फक्त नोंदवते. १ सप्टेंबर २०१४नंतर पहिल्यांदाच फंडात आलेल्या आणि १५,०००च्या वर मूळ पगार असलेल्यांच्या तिसऱ्या रकान्यात पैसे पडत असतील, तर ती चूक आहे. अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावरही नोकरीत असणाऱ्यांचे पैसे त्या रकान्यात जात असतील, तर साधारणपणे तीही चूकच. दोन्ही ठिकाणी ते फंडात यायला हवेत. चुका आत्ता सापडल्या तर दुरुस्त होतात, दाव्याच्या वेळी सापडल्या तर दावा अडतो.

नाव आणि जन्मतारीख याबद्दल मला थोडे सविस्तर बोलायचे आहे, कारण आपल्याकडचे निम्मे घोटाळे तिथे आहेत. समोर बसलेल्यांपैकी किती जणांचा वाढदिवस १ जूनला येतो? हात वर करा. बघा किती आले. गावात शाळेत नाव घालताना गुरुजींनी सहा वर्षे पुरी व्हावीत म्हणून १ जून लिहिले. दाखल्यावर तीच आली. आधार काढताना आईने सांगितलेली खरी तारीख लिहिली गेली, किंवा नुसते वर्ष. फंडात कंपनीने तिसरीच टाकली. पेन्शन अठ्ठावन्नाव्या वर्षी सुरू होते. तारीख जुळली नाही तर अठ्ठावन्न कधी पुरी झाली हेच ठरत नाही.

बायकांचे तर नावच बदलते. आपल्यात लग्नात आडनाव, वडिलांच्या जागी नवऱ्याचे नाव, आणि कित्येक घरांत पहिले नावसुद्धा बदलतात. तांदळात लिहिलेले ते नवे नाव आधारवर येते, शाळेच्या दाखल्यावर माहेरचे राहते आणि फंडात नोकरीला लागतानाचे. एकच बाई कागदावर तीन बायका होते. माझ्या ओळखीच्या एका मावशींना स्वतःचीच ओळख पटवायला लग्नपत्रिका, राजपत्रातली जाहिरात आणि दोन साक्षीदार एवढे गोळा करावे लागले. हे काम नोकरीत असताना, मालक ओळखीचा असताना करून घ्या. कारखाना बंद पडल्यावर शिक्का मारायला कुणी सापडत नाही.

आणि वारस. लग्नाआधी नोकरीला लागलेल्या पोराने आईचे नाव लावलेले असते, पुढे बदलायचे राहून जाते. पेन्शन कायद्याने आधी बायकोला आणि मुलांना जाते, पण त्यांची नावे आणि जन्मतारखा नोंदलेल्या नसतील तर तिला दारोदार फिरावे लागते. नवरा गेल्यावर तेराव्याच्या आत कागद शोधणारी बाई मी पाहिली आहे. म्हणून माझी विनंती आहे, हे पासबुक घरी दोघांनी मिळून वाचा. फंडाचा नंबर, पासवर्ड, कागद कुठल्या पिशवीत आहेत, हे तिला माहीत असू द्या. आणखी एक गोष्ट तिला सांगून ठेवा, जी पासबुकात कुठेच नाही : नोकरीत असताना सभासद गेला तर फंडाला जोडलेला विमाही असतो. त्याचा हप्ता मालक भरतो आणि त्याची कमाल रक्कम ७ लाखांपर्यंत आहे.

मास्तर वर्गात शेवटी प्रत्येकाला स्वतःच्या वहीत एक ओळ लिहायला लावत : अमुक तारखेला रुजू, आजपर्यंत इतकी वर्षे, इतके महिने. पाटीवर अक्षर वळवायला शिकलेला माणूस ती ओळ लिहिताना जिभेचे टोक दातात धरायचा, आणि लिहून झाल्यावर ती मोठ्याने वाचून दाखवायचा. आपणही आज तेच करू या. सभागृहाच्या मागच्या बाजूला तीन टेबले लावली आहेत. माझ्याबरोबर पगार विभागातल्या माझ्या दोन जुन्या सहकारी आहेत. लॅपटॉप आहे, प्रिंटर आहे. आधार आणि यूएएन ज्यांच्याजवळ आहे त्यांचे सर्व्हिस हिस्ट्रीचे पान आत्ताच काढून देऊ, आणि त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला तुमची ओळ तुम्हीच लिहायची. ज्यांची नऊ किंवा एकोणीस वर्षे झाली आहेत त्यांनी टेबलाशी आल्याबरोबर तसे सांगा, त्यांचे दिवस आपण एकेक करून मोजू. कंत्राटी मुलांनी जितके कंत्राटदार आठवतील तितक्यांची नावे तोवर कागदावर काढून ठेवा. आणि ज्यांना सत्तावन्न पूर्ण झाली आहेत, त्यांना रांगेत पुढे येऊ द्या.